न्यूजंट-३० : उत्तर हाती असूनही न सुटलेलं कोडं

तीस विभाग आणि तीस जागा. प्रत्येक विभागाला एक जागा द्यायची, एका जागेवर एकच विभाग. कोणत्या दोन विभागांमध्ये किती ये-जा आहे ते माहीत आहे, कोणत्या दोन जागांमध्ये किती अंतर आहे तेही माहीत आहे. एकूण पायपीट कमीत कमी व्हावी, एवढंच मागणं. ख्रिस्तोफर न्यूजंट, थॉमस व्होलमन आणि जॉन रूमल यांनी १९६८ साली कारखान्याच्या मांडणीच्या पद्धती एकमेकींशी ताडून पाहण्यासाठी काही नमुने तयार केले. हा त्यांतला सगळ्यात मोठा. जागा पाच ओळी आणि सहा स्तंभांच्या जाळीत मांडलेल्या आहेत. अंतर मोजायचं ते आडवी पावलं अधिक उभी पावलं असं. तिरकं जायची सोय नाही.

हा नमुना अधिकृतपणे सुटला तो २००० सालच्या जूनमध्ये. किमान पायपीट ६१२४ निघाली. पण हा आकडा त्या दिवशी कुणालाच नवा नव्हता. शोधपद्धतींवर काम करणाऱ्यांच्या तक्त्यांत ६१२४ कितीतरी आधीपासून ‘आजवरचं सर्वोत्तम’ म्हणून छापलं जात होतं. टाबू शोध या पद्धतीचा (ती पुढे येईलच) एखादा नीट लिहिलेला प्रोग्राम आज साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत तिथे पोहोचतो.

मग इतकी वर्षं अडलं कुठे होतं? या प्रकरणात मला तेच उलगडून दाखवायचं आहे. चांगलं उत्तर सापडणं हे एक काम, आणि त्याहून चांगलं उत्तर नाही हे कळणं हे दुसरं काम. न्यूजंट-३० मध्ये या दोन कामांच्या किमतीतला फरक जितका उघडा पडतो तितका मी दुसऱ्या कुठल्या उदाहरणात पाहिलेला नाही.

हंगेरियन पद्धत इथे का थांबते

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या आणि एमबीएच्या वर्गांत नेमणुकीचा प्रश्न म्हटलं की हंगेरियन पद्धत शिकवतात. पाच कामगार, पाच यंत्रं, पंचवीस आकड्यांचा तक्ता. ओळीतला सर्वांत लहान आकडा वजा करा, मग स्तंभातला, मग शून्यांवर रेघा. हॅरल्ड कून यांनी १९५५ साली ही पद्धत मांडली. हजारो कामगारांचा प्रश्नसुद्धा ती आज चुटकीसरशी सोडवते. ती चालते याचं कारण असं, की तिथे प्रत्येक नेमणुकीची किंमत स्वतंत्र असते. कामगार क्रमांक ३ ला यंत्र क्रमांक ५ दिलं तर किती खर्च येईल, ते सांगायला कामगार क्रमांक १ कुठे आहे हे विचारावं लागत नाही.

विभागांच्या मांडणीत हीच सोय नाही. लेथ विभाग कोपऱ्यात ठेवला तर चांगलं की वाईट? त्याची ज्यांच्याशी ये-जा आहे ते विभाग कुठे आहेत ते कळल्याशिवाय याला उत्तर नाही, आणि त्यांच्या जागा पुन्हा लेथ विभागाच्या जागेवर अवलंबून. किंमत एकेका नेमणुकीला चिकटलेली नसते, ती नेमणुकांच्या जोडीला चिकटलेली असते. म्हणून हिला द्विघाती नेमणूक समस्या म्हणतात. जाणकारांच्या बोलण्यात, इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून, नुसतं क्यूएपी. त्यालिंग कूपमन्स आणि मार्टिन बेकमन यांनी १९५७ साली आर्थिक उद्योगांच्या जागांचा विचार करताना तिची मांडणी केली. कूपमन्स यांना पुढे १९७५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही समस्या किती अवघड आहे त्याचा निकाल १९७६ साली लागला. पुण्यात जन्मलेले सरताज साहनी आणि तेओफिलो गोन्झालेझ यांनी दाखवलं, की क्यूएपीचं अचूक उत्तर तर सोडाच, पण इष्टतम उत्तराच्या ठरावीक पटीत राहण्याची हमी देणारी जलद पद्धतसुद्धा सर्वसाधारण क्यूएपीसाठी मिळणार नाही. अर्थात पी (जलद सुटणारे प्रश्न) आणि एनपी (ज्यांचं उत्तर हाती आल्यावर जलद तपासता येतं असे प्रश्न) हे वर्ग एकच आहेत असं निघालं तर गोष्ट वेगळी. म्हणजे ‘थोडं कमी-जास्त चालेल, पण हमी द्या’ ही तडजोडही बंद.

तीस विभागांच्या मांडण्या किती होतात? तीसचं क्रमगुणित, म्हणजे सुमारे २.६५ गुणिले दहाचा ३२ वा घात. सेकंदाला एक अब्ज मांडण्या तपासल्या तरी विश्वाच्या वयाच्या सहा लाख पट वेळ लागेल. पण एवढ्यावरून घाबरून जायचं कारण नाही, कारण नुसत्या मोठ्या आकड्याने प्रश्न अवघड होत नाही. फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नातही, म्हणजे सगळी शहरं एकेकदा फिरून परत येण्याचा सर्वांत छोटा दौरा शोधण्यातही, शक्यता अशाच अफाट असतात. तरीही १९९८ सालापर्यंत अ‍ॅपलगेट, बिक्सबी, ख्वाताल आणि कुक यांनी अमेरिकेतल्या १३,५०९ शहरांचा दौरा पुराव्यासकट सोडवून दाखवला होता. त्याच सुमाराला क्यूएपीचे जाणकार पंचवीस विभागांपाशी झुंजत होते. फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न हा खरं तर क्यूएपीचाच एक खास प्रकार. त्या खास प्रकाराला जी घट्ट गणिती चौकट सापडली ती मूळ समस्येला सापडली नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. तिकडे मी पुढे येतोच.

एक अदलाबदल, जवळून

आधी शोध कसा चालतो ते पाहू. तीस विभागांचा तक्ता इथे मांडणं शक्य नाही, म्हणून समजण्यापुरते चार विभाग घेऊ: क, ख, ग, घ. जागा एका ओळीत चार, शेजारच्या जागेचं अंतर १. ये-जा अशी: क-ख ५, क-ग २, क-घ ४, ख-ग ३, ग-घ १, आणि ख-घ शून्य.

सुरुवातीची मांडणी क ख ग घ. पायपीट मोजा: ५ गुणिले १, २ गुणिले २, ४ गुणिले ३, ३ गुणिले १, १ गुणिले १; एकूण २५. आता कोणत्याही दोन विभागांची अदलाबदल करायची. अशा सहा अदलाबदली आहेत. सहाही करून पाहिल्या तर बेरजा येतात २२, १९, २९, २९, २७ आणि २६. सर्वांत चांगली १९, ती क आणि ग यांच्या अदलाबदलीने मिळते: ग ख क घ. मग या नव्या मांडणीपासून पुन्हा तेच. जेव्हा एकही अदलाबदल बेरीज कमी करू शकत नाही तेव्हा थांबायचं. हा झाला लोकल सर्च.

यातली खरी कारागिरी पुढे आहे. १९ काढण्यासाठी पूर्ण बेरीज पुन्हा करायची गरजच नव्हती. क आणि ग यांनी जागा बदलल्या तर त्या दोघांमधलं अंतर तेच राहतं. ख आणि घ जागचे हलत नाहीत, म्हणून त्यांच्यातलंही तेच. बदलतं ते फक्त क आणि ग यांचं उरलेल्यांशी असलेलं नातं. ख दोघांच्या मधोमध आहे, त्याच्या हिशोबात फरक शून्य. घ च्या बाबतीत क ची ये-जा ४ आणि ग ची १, फरक ३; क पूर्वी घ पासून ३ अंतरावर होता तो आता १ वर आला, फरक उणे २. गुणाकार उणे ६. पंचवीसातून सहा गेले, एकोणीस. दोन पदांत काम झालं.

न्यूजंट-३० ला हेच लावा. पूर्ण बेरीज ४३५ जोड्यांची. एका अदलाबदलीचा फरक काढायला २८ पदं पुरतात. शेजार म्हणजे एका अदलाबदलीवर असलेल्या मांडण्या, त्याही ४३५. शिवाय गेल्या खेपेचे सगळे फरक जपून ठेवले, तर नुकत्याच हललेल्या दोन विभागांचा ज्यांत संबंध नाही अशा ३७८ अदलाबदलींचा नवा फरक दोन-चार बेरजा-वजाबाक्यांत मिळतो. उरलेल्या फक्त ५७ अदलाबदलींसाठी २८ पदांचा हिशोब करायचा. या युक्तीमुळे सेकंदाला लाखभर पावलं सहज पडतात. ह्युरिस्टिकबद्दल, म्हणजे हमी न देता चांगलं उत्तर शोधणाऱ्या पद्धतींबद्दल, लिहिताना लोक मुंग्या, जनुकं, तापलेला धातू अशा गोष्टी रंगवून सांगतात. माझ्या मते क्यूएपीतल्या यशाचा मोठा वाटा या नीरस हिशोबाचा आहे. पाऊल स्वस्त झालं म्हणून लांब चालता आलं.

खोलगटातून बाहेर

लोकल सर्चची अडचण सर्वांना ठाऊक आहे. दाट धुक्यात डोंगर उतरणारा माणूस फक्त पायाखालचा उतार पाहतो, आणि पहिल्या खोलगट जागी आल्यावर दरी संपली असं समजतो. न्यूजंट-३० वर कुठूनही सुरुवात केली तरी नुसत्या उताराची वाट बहुतेक वेळा ६१२४ च्या काही टक्के वर येऊन थांबते. उत्तर वाईट नसतं, पण सर्वोत्तम नसतं.

बाहेर पडायचे मार्ग अनेकांनी सुचवले. बुरकार्ड आणि रेंडल यांनी १९८४ साली तापमान हळूहळू उतरवण्याची पद्धत, म्हणजे सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंग, क्यूएपीला लावली: सुरुवातीला वाईट पाऊलही काही शक्यतेने चालवून घ्यायचं, मग ती मुभा कमी करत जायचं. पुढच्या दशकात जेनेटिक पद्धती आल्या, मुंग्यांच्या वसाहतीवरून सुचलेल्या पद्धती आल्या. पण या समस्येवर सगळ्यांत टिकून राहिला तो टाबू शोध. फ्रेड ग्लोव्हर यांनी १९८० च्या दशकात कल्पना मांडली, याद्रांका स्कोरिन-कापोव्ह यांनी १९९० साली ती क्यूएपीला लावली, आणि १९९१ साली स्वित्झर्लंडच्या एरिक तायार यांनी तिचं जे रूप दिलं ते आजही नव्या पद्धतींना मोजायची फूटपट्टी म्हणून वापरतात.

नियम ऐकायला सोपा आहे. प्रत्येक पावलाला शेजारातली सर्वांत चांगली अदलाबदल करायचीच, भले ती बेरीज वाढवणारी असो. मग परत त्याच खोलगटात घसरू नये म्हणून स्मरण ठेवायचं: अमुक विभाग अमुक जागेवर नुकताच होता. दोन्ही विभागांना नुकत्याच सोडलेल्या जागी नेणारी अदलाबदल काही पावलं बंद. किती पावलं? इथे तायार यांची नजर दिसते. मुदत एकच ठेवली तर शोध कधी कधी त्या मुदतीहून लांब फेरा धरून गोल गोल फिरत राहतो. म्हणून त्यांनी मुदत विभागांच्या संख्येच्या ०.९ ते १.१ पटीत यादृच्छिक बदलती ठेवली. न्यूजंट-३० साठी २७ ते ३३ पावलं. मुदत लहान ठेवली तर शोध परत आत घसरतो, फार मोठी ठेवली तर चांगल्या वाटाही बंद होतात. बंदी असलेली अदलाबदल आजवरच्या सर्वोत्तमालाही मागे टाकणार असेल तर बंदी उठते. आणि एखादा विभाग एखाद्या जागी फार काळ गेलेलाच नसेल तर त्याला तिकडे जबरदस्तीने पाठवायचं.

बस्स, एवढंच. काही पानांत मावणारा प्रोग्राम. तो न्यूजंट-३० वर वेगवेगळ्या यादृच्छिक मांडण्यांपासून सोडला की पुन्हा पुन्हा ६१२४ वर येतो, त्याखाली कधीच जात नाही. वेगळ्या पद्धती, वेगळे देश, वेगळे संगणक, आणि तळ मात्र एकच. या एकमताला काय म्हणायचं? मी त्याला भक्कम साक्ष म्हणेन. पण साक्ष आणि पुरावा यांत अंतर आहे. सगळ्या पद्धती एकाच प्रकारच्या शेजारावर उभ्या असतील तर सगळ्यांना तोच एक कोपरा दिसणार नाही, हे अगदी शक्य असतं.

खालची बाजू

पुराव्यासाठी वेगळ्या दिशेने यावं लागतं. वरून खाली शोधत आलेला माणूस म्हणतो, ‘६१२४ मला मिळालं’. खालून कुणीतरी म्हणायला हवं, ‘६१२४ पेक्षा कमी शक्यच नाही’. या दुसऱ्या आवाजाला खालची मर्यादा म्हणतात.

सर्वांत जुनी मर्यादा गिलमोर आणि लॉलर यांची, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. तिची रीत फार देखणी आहे. एक विभाग एका जागी ठेवला असं माना. आता त्या विभागाची इतरांशी असलेली ये-जा मोठ्याकडून लहानाकडे लावा, आणि त्या जागेपासूनची अंतरं लहानाकडून मोठ्याकडे. सर्वांत जास्त ये-जा सर्वांत जवळच्या जागेशी जोडा, आणि तसंच पुढे. जी बेरीज येईल त्याहून कमी पायपीट त्या विभागाला त्या जागी शक्य नाही. तीस विभाग, तीस जागा, अशा ९०० बेरजांचा तक्ता तयार होतो. आणि त्या तक्त्यावर, गंमत बघा, हंगेरियन पद्धत चालते! तिचं उत्तर म्हणजे पूर्ण समस्येची खालची मर्यादा.

उणीवही इथेच दिसते. या हिशोबात प्रत्येक विभाग आपल्याला हवा तो शेजार मिळाला असं धरून चालतो. दहा विभागांना एकच मोक्याचा शेजारी हवा असेल तर दहाही जणांना तो मिळाला असं धरलं जातं. त्यामुळे मर्यादा सैल पडते. न्यूजंट-३० साठी ती ४५३९ येते. म्हणजे खालून आलेला माणूस ४५३९ वर थांबला, वरून आलेला ६१२४ वर, आणि मधली दरी चतुर्थांशाहून मोठी. फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नात ही दरी बहुधा एखाद्या टक्क्याची असते. त्या समस्येला सापडलेली आणि क्यूएपीला न सापडलेली घट्ट चौकट ती हीच.

दरी बुजवायला ब्रँच अँड बाउंड वापरतात. एक विभाग निवडा, त्याला प्रत्येक शक्य जागी ठेवून वेगवेगळ्या फांद्या करा. प्रत्येक फांदीवर उरलेल्या प्रश्नाची खालची मर्यादा काढा. ती हातातल्या उत्तराला गाठत असेल तर फांदी छाटा, नसेल तर आणखी फांद्या फोडा. इथे ह्युरिस्टिकचं उत्तर पुराव्याच्या कामी येतं. छाटायला लागणारी कात्री म्हणजे हातातलं ६१२४. ते आधी ठाऊक नसतं तर असंख्य फांद्या उगाच वाढवत न्याव्या लागल्या असत्या. ह्युरिस्टिक आणि अचूक पद्धती म्हणजे दोन विरोधी पक्ष, असं चित्र पुष्कळदा रंगवतात. या प्रकरणात तरी दुसरीचा पाया पहिलीने घातला होता.

दोन लहान गोष्टींनीही काम हलकं होतं. पाच बाय सहाची जाळी आडवी किंवा उभी उलटवली तरी अंतरं तीच राहतात, म्हणून पहिल्या विभागासाठी तीसऐवजी नऊ जागा तपासल्या की पुरे. आणि न्यूजंट-३० च्या छापील बेरजेत, वरच्या चार विभागांच्या उदाहरणासारखी एकदा नव्हे, तर प्रत्येक जोडी दोनदा मोजली जात असल्याने एकूण आकडा नेहमी समच असतो. मर्यादा ६१२२ च्या जराशी वर गेली की फांदी संपली.

जून २०००

आयोवा विद्यापीठातले कर्ट अ‍ॅन्स्ट्रायकर आणि नेथन ब्रिक्सियस यांनी एक नवी मर्यादा बांधली होती. मूळ द्विघाती खर्चाच्या जागी त्याच्या खाली राहणारं एक बहिर्वक्र, म्हणजे एकाच तळाच्या वाटीसारखं, द्विघाती फल घ्यायचं आणि त्याचं किमान काढायचं. न्यूजंट-३० साठी ती ५३६२ देते. ४५३९ च्या मानाने मोठी उडी. दरी सव्वीस टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांच्या आत आली. मर्यादा काढायला त्यांनी १९५६ सालची फ्रँक-वुल्फ पद्धत वापरली, आणि तिच्या प्रत्येक फेरीत एक साधी नेमणूक समस्या सोडवावी लागते. म्हणजे पुन्हा कून यांच्याच घराण्यातलं काम.

आता यंत्रं. आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीतले जेफ लिंडरॉथ आणि जाँ-पिएर गू हे त्यांना येऊन मिळाले. विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी यांच्या गटाने कॉन्डॉर नावाची व्यवस्था उभी केली होती. ती इकडे-तिकडे रिकामे पडलेले संगणक गोळा करून कामाला लावते आणि मालक कीबोर्डला हात लावताच सोडून देते. अशा संगणकांवर काम करायचं म्हणजे मजूर कधी येतील, कधी उठून जातील याचा भरवसा नाही. म्हणून एक मुकादम संगणक झाडाचे तुकडे वाटतो आणि एखादा मजूर गायब झाला तर त्याचा तुकडा दुसऱ्याला देतो. विस्कॉन्सिन आणि आर्गॉनबरोबरच अमेरिकेतल्या आणखी काही विद्यापीठांचे संगणक आणि इटलीच्या राष्ट्रीय अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेचे संगणक या कामात होते.

सुरू करण्यापूर्वी त्यांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७५ साली शोधवृक्षाचा आकार अंदाजायची एक पद्धत दिली आहे: मुळापासून यादृच्छिक वाटांनी खाली उतरायचं आणि वाटेतल्या फांद्यांच्या संख्येवरून पूर्ण झाडाचा अंदाज बांधायचा. तिच्यात थोडे बदल करून त्यांनी फांद्या फोडायचे नियम आधीच पारखून घेतले. मुळाजवळ फांदी कोणत्या विभागावर किंवा कोणत्या जागेवर फोडायची याचा विचार खर्चिक पण नेमका. खाली, जिथे कोट्यवधी नोड (झाडातले फाटे) आहेत तिथे स्वस्त नियम. वर चूक झाली तर खाली तिची किंमत कोट्यवधींनी मोजावी लागते, म्हणून वेळ वर घालवायचा.

काम सात दिवसांना थोडं कमी चाललं. सरासरी ६५० च्या आसपास संगणक एका वेळी कामावर होते, गर्दीच्या क्षणी हजारावर. एकूण ११,८९२,२०८,४१२ नोड तपासले गेले. साध्या नेमणूक समस्या सोडवल्या गेल्या सुमारे ५७४ अब्ज. भागाकार करून पाहिला तर एका नोडमागे अठ्ठेचाळीसेक पडतात. मजूर येत-जात असूनही संगणकांचा नव्वद टक्क्यांहून जास्त वेळ सत्कारणी लागला. त्या काळच्या एकाच चांगल्या वर्कस्टेशनवर हे काम सुमारे सात वर्षं चाललं असतं.

आणि या सगळ्यातून निघालं काय? ६१२४. जे सुरू करताना हाती होतं तेच. जवळजवळ बारा अब्ज नोडांपैकी एकातही ६१२२ किंवा त्याहून कमी काही सापडलं नाही. शोधात काही न सापडणं हीच इथे मिळकत होती. ज्यांना उत्तर तेवढं हवं होतं त्यांच्या दृष्टीने त्या आठवड्यात काहीच घडलं नाही. ज्यांना जाणून घ्यायचं होतं त्यांच्या दृष्टीने १९६८ पासूनचा प्रश्न त्या आठवड्यात मिटला.

कैरोचं रुग्णालय

आता जरा उलटी बाजू. न्यूजंट-३० वर टाबू शोध इतका चांगला चालला म्हणून तो सगळीकडे तसाच चालेल, असा निष्कर्ष काढणारे प्रकल्प-अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत. तो निष्कर्ष चूक आहे, आणि का ते समजायला एल्स-१९ हा नमुना पाहावा. अलवलीद एलशाफई यांनी १९७७ साली कैरोतल्या अहमद माहेर रुग्णालयाच्या मांडणीसाठी हा प्रश्न मांडला. विभाग फक्त एकोणीस, म्हणजे न्यूजंटपेक्षा कितीतरी लहान.

पण ये-जा बघा. न्यूजंट-३० मध्ये ती विभागांच्या जोड्यांत बऱ्यापैकी पसरलेली आहे. ये-जेचं प्रमाण विचलन सरासरीच्या जवळपास ११२ टक्के. कैरोच्या रुग्णालयात तोच आकडा ५३० च्या वर. खऱ्या रुग्णालयात असंच असतं: काही मोजक्या विभागांमध्ये दिवसभर रीघ, आणि बहुतेक जोड्यांमध्ये जवळजवळ काहीच नाही. अशा भूप्रदेशात खोलगट जागा अफाट खोल असतात. जास्त वर्दळीची एक जोडी चुकीच्या ठिकाणी बसली, की तिला हलवायला मधली बेरीज प्रचंड वाढू द्यावी लागते. टाबू शोध एकेक अदलाबदल करत चालतो, म्हणून तो चुकीच्या दरीत फार वेळ घुटमळतो. तायार यांनीच नंतर केलेल्या तुलनेत हे स्पष्ट झालं: पसरलेल्या, यादृच्छिक भासणाऱ्या प्रश्नांवर टाबू पुढे, आणि प्रत्यक्ष जीवनातून आलेल्या विषम प्रश्नांवर अनेक उत्तरांचा साठा ठेवून त्यांची सरमिसळ करणाऱ्या, वर लोकल सर्चची जोड असलेल्या पद्धती पुढे.

म्हणून मांडणीचा नवा प्रश्न समोर आला की मी पद्धत निवडण्याआधी ये-जेचा तक्ता चाळतो. दहा जोड्या मिळून निम्म्याहून जास्त वर्दळ उचलत असतील तर एकाच लांब धावेपेक्षा अनेक सुरुवाती आणि संमिश्र पद्धत. वर्दळ सपाट असेल तर तायार यांचा टाबू, डोळे मिटून. आणि दोन्ही वेळी गिलमोर-लॉलरची मर्यादा काढून अहवालात छापायची, ती कितीही सैल असली तरी. ‘आमचं उत्तर मर्यादेपासून जास्तीत जास्त २० टक्के वर आहे’ हे वाक्य व्यवस्थापकाला रुचत नाही, पण ते खरं असतं. ‘आमचं उत्तर सर्वोत्तम आहे’ हे वाक्य पुराव्याशिवाय लिहायचा आपल्याला अधिकार नाही.

कारखान्याच्या किंवा रुग्णालयाच्या मांडणीसाठी सात वर्षांच्या संगणक-वेळेचा पुरावा कुणी मागत नाही, मागूही नये. ये-जेचे आकडे मुळातच अंदाजाचे असतात. पुढच्या वर्षी एखादा नवा विभाग येणार असतो. तिथे चार-पाच वेगवेगळ्या, जवळपास सारख्याच किमतीच्या मांडण्या समोर ठेवणं जास्त उपयोगी, आणि ते काम ह्युरिस्टिक सहज करतं.

पुराव्याची शर्यत मात्र पुढे चालू राहिली. तायार यांच्या संग्रहातला ताय-३०ए हा नमुनाही तीस विभागांचाच. त्यातले आकडे यादृच्छिक आहेत आणि त्यात जाळीची सममिती नाही. चांगला टाबू प्रोग्राम त्याच्याही सर्वोत्तम ज्ञात उत्तरापर्यंत पोहोचतो, फक्त न्यूजंटपेक्षा जास्त दमवतो. पण त्या उत्तराखाली काही नाही हे सिद्ध व्हायला न्यूजंट-३० नंतर आणखी दोन दशकं गेली. मुख्यतः जपानी संशोधकांचा गट आणि बर्लिनच्या झूझे संस्थेतले सहकारी यांनी एक लाखाहून जास्त प्रोसेसर-कोअर वापरू शकणाऱ्या व्यवस्थेवर, फार घट्ट आणि फार महाग अशी मर्यादा वापरून ताय-३०ए सोडवला. त्याच्याबरोबर स्कोरिन-कापोव्ह यांचा बेचाळीस विभागांचा नमुनाही सुटला. २०२१ सालच्या आसपास त्यांनी हे जाहीर केलं, आणि पुढचं लक्ष्य किमान पन्नास विभागांचं असल्याचं सांगितलं.